द्राक्षांची टोपली आणि हवेची चाकं

झेवियर मिसकिटाच्या मळ्यात द्राक्षाच्या वेली एकेचाळीस होत्या. त्यांतल्या जिवंत तेहेतीस, फळ धरलेल्या सहा, आणि त्या सहांवर मिळून घड अकरा. पहिल्या मोजणीत घड बारा भरले होते, पण बारावा जवळून पाहिल्यावर गांधीलमाश्यांचं पोळं निघालं. ही मोजणी केली होती कोपरीच्या फिलिप डिमोन्टेने. मुंबईहून विज्ञानाची पदवी घेऊन तो ठाण्याच्या शाळेत शिकवू लागला होता, आणि सुजलेल्या करंगळीसकट झेवियरच्या अंगणात उभा होता. आला होता तो द्राक्षं मोजायला नव्हे, झेवियरच्या मुलीला, उर्सुलाला, मागणी घालायला. पण झेवियरशी बोलायचं म्हणजे द्राक्षांवरून बोलावं लागे. खाडीकाठच्या दमट हवेत, कळव्याच्या तलावाकाठी द्राक्षं लावणारा पंचक्रोशीत तो एकटाच होता, आणि त्याला हसणारे बाकी सगळे.

गाडं अडलं ते फिलिपच्या सायकलीवर. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्याने ती घेतली होती. सन अठराशे पंचाण्णवच्या त्या फाल्गुनात अख्ख्या कळव्यात तसली दुसरी वस्तू नव्हती.

"बैल नाय, घोडा नाय," झेवियर म्हणाला. "भिंतीचा आधार काढला की पडते. असल्या गाडीवर बसनाऱ्याला मी पोर देऊ?"

"काका, चालताना ती पडत नाही."

"आनि थांबली की?"

"थांबली की पाय खाली टेकायचे."

"म्हंजे संसारात पन जरा थांबला की पाय टेकनार!"

आत चुलीपाशी कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू उर्सुलाचं होतं, आणि त्यानेच फिलिपचं डोकं फिरलं. त्याच्या मते अज्ञान क्षम्य होतं, अज्ञानाला मिळालेली दाद मात्र नव्हती.

"या चाकांत हवा भरलेली आहे," तो तावातावाने म्हणाला. "हवा दाबली जाते आणि धक्का गिळते. टोपलीत अंडी ठेवलीत तरी फुटणार नाहीत."

"अंडी कशाला? द्राक्षं ठेव." झेवियरच्या डोळ्यांत चमक आली. "माझ्या बैलगाडीतून नुसत्या खारेगावला नेली तरी अर्ध्याचं पानी होतं. तू तलावाच्या कडेने जा, पारशिकचा डोंगर चढ, पलीकडे उतर, वळसा घालून दिवस बुडायच्या आत हितं ये. एक जरी चेचलेलं निघालं तर या अंगनात परत पाय ठेवायचा नाय. नाय निघालं, तर पोर तुझी."

"चेचलेलं म्हणजे साल फुटून रस बाहेर आलेलं," फिलिप म्हणाला. "आधी व्याख्या ठरू दे."

"ठरली."

तीन घड टोपलीत ठेवले गेले. मोजताना उर्सुला शेजारी उभी होती. द्राक्षं दोनशे चौदा भरली. टोपली सायकलीच्या पुढच्या दांड्याला घट्ट बांधून फिलिप निघाला.

तलावाकाठची मुरमाची वाट सपाट होती. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला वेली, वर शिंदीची झाडं. चाकाखाली खडे चरचरत होते आणि टोपली पाळण्यासारखी हलत होती. मैलभर गेल्यावर त्याने पाहिलं. सगळं शाबूत. 'दाबलेली हवा!' तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याच क्षणी वाटेत ठमाबाई दिसली.

ठमाबाई तलावापलीकडच्या पाड्यातली थोरली आगरीण. ती वाटेच्या बरोबर मधे उभी होती आणि तिच्या हातात नारळ होता.

"थांब रे पोरा! गाडी कोरी हाय ना?"

"कोरी नाही. साहेबाने चार वर्षं वापरलेली आहे."

"सायबानं सायबाच्या गावात वापरली. आमच्या शिवेत कोरीच. नारल नाय फोडला न् तू डोंगरात मोडून पडलास, त नाव आमच्या पाड्याला."

"बाई, पडणं हे तोल आणि गती यांवर—"

खाड्! पुढच्या चाकापाशी दगडावर नारळ फुटला. पाणी उडालं, खोबरं पोरांनी उचललं, आणि "आता जा सुखानं" म्हणून ठमाबाईने मागून ढकलून दिलं. चाक वीतभर पुढे गेलं आणि करवंटीच्या कपच्यावर चढलं.

फुस्स्स्.

पाड्यातली पंधरावीस माणसं एकदम मागे सरली.

"देव बोलला!" ठमाबाईने हात जोडले.

"देव नाही, हवा गेली!" फिलिप ओरडला. "माझी हवा! तुमच्या नारळाने!"

"नारल फोडला म्हनून नुसती हवा गेली. नायतर तूच गेला असतास."

फिलिपने टोपली उतरवली, रबर काढलं, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, ठिगळ लावलं, पंपाने हवा भरली. ठिगळाची डबी त्याने चिडून टोपलीतच फेकली. पाडा हे सगळं पूजेइतक्याच भक्तिभावाने पाहत होता. निघताना त्याने मनाशी पक्कं केलं: यापुढे नारळ नाही. कुणी काहीही म्हणो.

डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत भिवा वाटच पाहत होता. भिवा वाडीचा म्होरक्या. त्याच्याही हातात नारळ होता, कारण पायवाटेने बातमी सायकलीच्या आधी पोचली होती.

"नारळ नको!" फिलिप लांबूनच किंचाळला. "करवंटीने रबर फाटतं! एक फाटलंय!"

"बरं, नको," भिवा शांतपणे म्हणाला. नारळ त्याने काखेत मारला. "पन शिवेवरच्या देवाला कायतरी द्याला लागंल. रिकाम्या हातानं नवी गाडी गेलेली नाय हितून." मग त्याची नजर टोपलीवर स्थिरावली. "फल हाय की."

"ती द्राक्षं माझी नाहीत!"

"देवाला कुठं म्हाइत हाय कोनाची."

फिलिपचा संताप अनावर झाला, पण विचारशक्ती शाबूत होती. नारळ म्हणजे भोक, भोक म्हणजे धक्का, धक्का म्हणजे चेचलेलं द्राक्ष. आणि झेवियरची अट चेचलेल्या द्राक्षांबद्दल होती, कमी झालेल्यांबद्दल नव्हती. त्याने दात खाऊन एक घड काढून दिला. देवापुढे तो क्षणभर टेकला, मग प्रसाद वाटला गेला. वाडीत द्राक्ष कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्यांना एकेक, पोरांना दोन दोन, आणि एका शेळीला तीन.

"शेळीला कशाला?" फिलिप विचारत राहिला.

"गाभन हाय," भिवाने समजावलं.

चढ कठीण होता. सायकल ढकलत, खडीवरून घसरत, घाम पुसत फिलिप खिंडीत पोचला, तर शेंदूर लावलेल्या वाघोबापाशी लाकडाच्या मोळ्या टेकून बायका बसल्या होत्या. त्यांतली शेवंती उठली.

"आली गो, दराक्षं वाटनारी गाडी!"

"ही द्राक्षं वाटणारी गाडी नाही!"

"खाली वाटली न्हवं? खालच्या देवाला दिलं, न् वाघोबाला नाय? दादा, तू जाशील घरी. गुरं आमची जातील."

"नारळ द्या वाघोबाला! हवे तितके द्या, मी बाजूला उभा राहतो!"

"डोंगरावं कुटला नारल?"

दुसरा घड वाघोबाला गेला. फिलिप कठड्यावर बसून पाहत राहिला. ज्या रूढीला त्याने पायथ्याशी विरोध केला, तिच्या जागी डोंगरमाथ्यावर दुसरी रूढी उभी राहिली होती, आणि ती त्याने स्वतः घालून दिलेली होती. याची त्याला इतकी चीड आली की तो तडक सायकलीवर बसला आणि उतारावर सुटला.

उताराखाली तिसरी वाडी होती. इथे थांबायचंच नाही, असं त्याने ठरवलं. माणसं आधीच बाजूला व्हावीत म्हणून तो वरूनच घंटा वाजवू लागला. घण घण घण घण! आणि वाडीतून, शेतातून, विहिरीवरून माणसं धावत वाटेवर आली. घंटा वाजली म्हणजे आरती, आणि आरती म्हणजे प्रसाद, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. वाट गच्च भरली. फिलिपने ब्रेकचा दांडा आवळला, धूळ उडाली, टोपली उसळली आणि सायकल एका म्हाताऱ्याच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली.

"ये बाबा," म्हातारा ओंजळ पुढे करून म्हणाला. "सकालपासून उपाशी थांबलोय परसादासाठी."

फिलिपने पाय टेकले आणि तिसरा घड काढून दिला.

दिवस बुडता बुडता तो मळ्यात पोचला, तेव्हा झेवियर दारात उभा होता. त्याने टोपलीत डोकावलं आणि त्याचा चेहरा द्राक्षासारखा जांभळा झाला.

"माझी द्राक्षं कुटं?"

"एक घड शिवेवरच्या देवाला. एक वाघोबाला. एक—"

"वाघोबाला? मिसकिटाची द्राक्षं वाघोबाला? पाद्री काय बोलंल मना?"

"काय नाय बोलनार," उर्सुला मागून म्हणाली. "आपल्या बैलगाडीला पन तुमी नारल फोडलेला, पापा."

"तो पाद्री यायच्या आधी फोडलेला! ते येगळं!"

"काका," फिलिप म्हणाला. "अट चेचलेल्या द्राक्षांची होती. व्याख्या ठरलेली आहे. गळून तळाशी राहिलेली द्राक्षं यात आहेत. तपासा!"

असं म्हणताना त्याचीही नजर टोपलीत गेली. उतारावर टोपली उसळली तेव्हा ठिगळाची डबी एका द्राक्षावर बसली होती. साल फुटली होती. रस बाहेर आला होता.

झेवियर कंदील आणायला वळला. उर्सुला पुढे झाली, डबी बाजूला केली आणि चिमटीत धरून ते द्राक्ष तोंडात टाकलं.

"आंबट हाय," ती फिलिपला हळूच म्हणाली.

झेवियरने कंदील टेकवला, टोपली रुमालावर पालथी केली, आणि एकेक द्राक्ष उजेडात फिरवून, दाबून, पुन्हा फिरवून पाहिलं. मग ती सगळी त्याने दोनदा मोजली.

द्राक्षं सात होती. चेचलेलं एकही नव्हतं.