सासूबाईंच्या हंडीतला वारा

आवाजाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! जपानातल्या हामामात्सू शहरात, वाद्यांच्या कारखान्यात बारा वर्षं मी सिंथेसायझरचे आवाज घडवतोय. समुद्र म्हणा, बासरी म्हणा, अर्ध्या तासात हजर करतो! फक्त सासूबाईंना हे पटत नव्हतं. चहाविधीच्या मोठ्या गुरू त्या! लग्नाला अकरा वर्षं झाली, पण 'जावई' हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता. मला त्या 'रेडिओवाले' म्हणत. तेही चारचौघांत! मला ते फार लागायचं.

मग त्यांच्या सत्तरीचा चहासमारंभ ठरला आणि सभागृह मिळालं सातव्या मजल्यावर. निखारे पेटवायला बंदी! विजेच्या शेगडीवर हंडी गुमान उकळते, आणि चहाच्या खोलीत हंडीतून पाइनच्या बनातल्या वाऱ्याचा आवाज यावाच लागतो. त्यात नागोयाहून इनागाकी गुरुजी येणार होते. ते म्हणे आधी हंडी ऐकतात, मग चहाला हात लावतात.

"वारा ना? मी देतो!" मी म्हणालो.

"अहो, नको," बायको योरिको म्हणाली. "मागे पक्षी केला होतात, आठवतंय ना? शेजारचं मांजर अजून आपल्या खिडकीत बसतं!"

"पक्षी वेगळा, वारा वेगळा! रेडिओला स्टेशन लागलं नाही की येते ती खरखर घ्यायची आणि बँड-पास फिल्टरमधून, म्हणजे सुरांचा एक पट्टाच पुढे सोडणाऱ्या गाळणीतून, गाळायची. गाळणीचा पट्टा रुंद ठेवला की वारा, अरुंद केला की शिट्टी. एका बटणाचा खेळ!"

"आणि पट्टा आपोआप हलला तर?"

"माझा पट्टा? हलून दाखवू दे!"

वारा जिवंत वाटावा म्हणून सूर हळूच वरखाली डोलेल अशीही सोय केली. रुंद पट्ट्यात ते डोलणं कळतसुद्धा नाही, नुसती सळसळ होते. हे सगळं बसवलेली आवाजाची डबी ठेवली हंडीखाली, शेगडीला अगदी चिकटून. बटणाची आणि विजेची वायर नेली मागच्या खोलीत आणि तिथे मी मांडी ठोकून बसलो.

सुरुवात झकास! गुरुजींनी डोळे मिटले. "वा!" ते पुटपुटले. सासूबाईंनी दाराच्या फटीतून माझ्याकडे पाहिलं, आणि शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर चक्क माया होती!

तेवढ्यात शेगडीने डबी तापली आणि पट्टा आकसायला लागला. वाऱ्याची शिट्टी झाली. आणि ते डोलणं? अरुंद पट्ट्यात त्याचे दोन स्वच्छ सूर निघाले. पूऽऽ पूँ! पूऽऽ पूँ! थेट आमच्या गल्लीतल्या टोफूवाल्याचा भोंगा!

मी बटण जरा रुंदीकडे फिरवलं. ढिम्म! आणखी जरा. ढिम्म! इतक्यात दार सरकलं आणि सभागृहाच्या झाडूवाल्या बाई पातेलं घेऊन आत!

"कमाल आहे बाई, सातव्या मजल्यावर चढून आलात! दोन वड्या द्या, मऊ बघून!"

सासूबाईंनी भुवईसुद्धा हलवली नाही. पळीभर गार पाणी हंडीत ओतलं. गार पाणी पडलं की हंडी गप्प होते, आणि जाणकार त्या शांततेसाठीच कान टवकारून बसतात. योरिकोने हे मला तीनदा सांगितलं होतं. पाणी पडलं, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि हंडी म्हणाली, पूऽऽ पूँ!

माझं डोकंच चालेना. बटण कचकन शेवटपर्यंत पिळलं. पट्टा एकदम सताड उघडला! खोलीत वादळ घोंघावलं, एका पाहुणीने गुरुजींची बाही धरली, झाडूवाल्या बाईंनी पातेलं डोक्यावर घेतलं. मी प्लग उपटला.

सगळं थांबलं. कोणी हलेना.

गुरुजींनी सावकाश डोळे उघडले. "अशी शांतता मी जन्मात ऐकली नाही!" चहाविधीत प्रत्येक भांड्याला नाव असतं, म्हणून रिवाजाप्रमाणे वाकून त्यांनी विचारलं, "हंडीचं नाव काय म्हणायचं?"

सासूबाईंनी मागच्या दाराकडे एकदा पाहिलं.

"जावई."

"वा! का बरं?"

"आवाज फार करतो. बंद पडला की सगळ्यांना बरं वाटतं."

तर अकरा वर्षांनी तो शब्द निघाला एकदाचा! हंडीसाठी निघाला, हे मान्य. पण गाळणी चोख होती, हं! पुढच्या समारंभालाही सासूबाईंनी मला आवर्जून बोलावलंय.

प्लग उपटायला.