खिशातला प्रयोग

नव्या बाईंनी चौथीच्या वर्गात पहिला बल्ब पेटवला, त्या दिवसापासून जुन्या सरांच्या पोटात दुखायला लागलं. बावीस वर्षं सर फळ्यावर बल्बचं चित्र काढून वीज शिकवत आले होते. चित्र चांगलं असायचं, सावलीसकट. आणि ही कालची आलेली बाई प्रत्येक गटाला सेल, बल्ब आणि दोन वायरी देऊन मोकळी! बल्ब लागला की पोरं असा गलका करायची, की शेजारच्या वर्गात सरांना खडू खाली ठेवावा लागे.

त्यातच मुख्याध्यापिकांनी सांगून टाकलं, की शुक्रवारी तपासणीचे साहेब दोघांचे तास बघतील आणि विज्ञानाच्या खोलीच्या किल्ल्या कुणाकडे ठेवायच्या ते ठरवतील. तो जुडगा बावीस वर्षं सरांच्या खिशात होता. चालताना तो वाजला नाही, तर सरांना अनवाणी निघाल्यासारखं वाटे.

शुक्रवारी सरांचा तास आधी झाला. साहेबांनी दोन जांभया दिल्या, सरांनी मोजल्या. मधल्या सुट्टीत ते बाईंच्या रिकाम्या वर्गात शिरले, दोन गटांचे सेल उचलून खिशात टाकले आणि तिथे शिक्षकांच्या खोलीतल्या बंद घड्याळाचे संपलेले सेल ठेवून आले.

बाईंच्या तासाला सर साहेबांशेजारी, मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. दोन गटांचे बल्ब काही केल्या लागेनात. सरांना बऱ्याच दिवसांनी मनापासून बरं वाटलं.

बाई मात्र डगमगल्या नाहीत. एकेक वस्तू बदलून बघा, म्हणाल्या. पोरांनी बल्ब बदलला, वायर बदलली, मग सेल हातात घेतला.

"बाई, हा आमचा सेलच नाही," त्या गटातली एक चष्मेवाली मुलगी म्हणाली. "आमच्या सेलवर मी 'चौथी ब' लिहून चिकटवलं होतं."

एवढ्यात सरांच्या मांडीला चटका बसला. त्यांनी पाय बदलला, मग दुसरा बदलला, मग जागच्या जागी उडीच मारली. चष्मेवालीने शांतपणे पाहिलं.

"बाई, सरांच्या खिशात शॉर्ट सर्किट झालंय. सेलची दोन्ही टोकं किल्ल्यांना लागली असणार."

सरांनी खिसा उलटा केला. जुडगा पडला आणि त्यामागोमाग 'चौथी ब'चे दोन गरम सेल. बावीस वर्षांची अब्रू आता जमिनीवर गडगडत होती.

"साहेब, सेल बदलायला मीच सांगितलं होतं सरांना," बाई म्हणाल्या. "पोरांना बिघाड शोधता यायला हवा ना."

"आणि हे खिशाचं?"

"ते सरांनी स्वतःहून केलं."

साहेब इतके खूश झाले, की त्यांनी जुडगा स्वतः उचलून सरांच्या हातात दिला. मुलांसाठी अंगाला चटके लावून घेणारा शिक्षक असताना किल्ल्या दुसऱ्या कुणाला कशाला, म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या.

सर मांडी चोळत वर्गाबाहेर पडले. किल्ल्या मिळाल्या होत्या, अब्रू वाचली होती. पण उभ्या जागी, साहेबांच्या तोंडावर इतकी बेमालूम थाप आपल्याला जन्मात सुचली नसती, हे काही त्यांच्या मनातून जाईना. जिन्यापर्यंत पोचेतो त्यांच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.