डब्यातला भुंगा

मोजमापात माझी चूक होत नाही. ही फुशारकी नाही, तसं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे! पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यापासून गेली बावीस वर्षं मी एका प्रयोगशाळेत लोकांचे वजनकाटे आणि मीटर तपासते. कुणाचा काटा किती खोटं बोलतो हे शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे तीन हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरपैकी चांगला कोणता, यावरून घरात वाद पेटला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "भांडू नका. रविवारी दुपारी चार वाजता मी निकाल सांगते."

त्या दिवशी मला खोकला तरी यायला हवा होता.

आधी डब्याबद्दल सांगते. माझे सासरे धर्माजी, वय वर्षं एक्क्याऐंशी, मूळ मुर्धा गावचे. तिथलं मिठागर बंद झालं आणि ते आमच्याकडे जेसल पार्कला राहायला आले. येताना आरामखुर्ची, कॅसेट प्लेअर आणि एकच एक कॅसेट घेऊन आले. माझ्या सासूबाई, मंजुळा, धवलारीण होत्या. म्हणजे लग्नाचे विधी चालू असताना धवले गाणारी बाई. पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय हळद लागत नसे म्हणतात. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच त्या गेल्या. शेजारच्या राई गावातल्या एका लग्नात कुणीतरी मांडवात टेप ठेवून त्यांची गाणी भरून घेतली होती, ती ही कॅसेट.

बाबांना ऐकू कमी येतं. म्हणून माझ्या नवऱ्याने, शिवदासने, त्यांच्यासाठी सहा वर्षांपूर्वी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे हेडफोनमधला आवाज वाढवणारं यंत्र, बनवला. जुन्या रेडिओत असायचे ना काचेचे व्हॉल्व्ह, आत निखाऱ्यासारखी तार पेटणारे, तसले दोन व्हॉल्व्ह लावून. शिवदास शाळेत चित्रकला शिकवतो. विजेचं ज्ञान त्याने व्हिडिओ बघून मिळवलेलं. पेटी म्हणून फरसाणाचा स्टीलचा चौकोनी डबा पालथा घातला, आवाजाचं बटन मोडक्या मिक्सरचं लावलं. आतल्या तारा बघितल्या तर शेवेची पुडी फुटल्यासारखं वाटायचं!

आणि चालू केला की तो डबा हेडफोनमध्ये घूंऽऽ करायचा. अखंड. आमच्या घरात त्या आवाजाला भुंगा म्हणतात.

बाबांची भुंग्याबद्दल तक्रार नव्हती. रोज दुपारी तीन वाजता ते हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे, आणि कॅसेट संपेपर्यंत त्यांची मान हळूहळू डोलत राहायची.

"ती माज्यासाठीच गायची, सूनबाय," ते मला सांगायचे. "मांडव भरलेला असला तरी माज्याकडंच बघत गायची."

हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा उजळायचा. आमच्या घरात त्याहून मौल्यवान वस्तू नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही!

तर वाद. शिवदासचा मित्र सुभाष पूनम सागरला राहतो. त्याने नवीन अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि तो दाखवायला आला. डबा बघून म्हणाला, "शिव्या, डब्यात फरसाणच शोभतं रे!"

शिवदास दोन दिवस जेवला नाही. म्हणजे जेवला, पण बोलला नाही. त्यातच, योगायोग बघा, मी बाबांच्या वाढदिवसासाठी एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर मागवला होता, तो नेमका त्याच आठवड्यात घरपोच आला. शिवदास म्हणाला, "तूसुद्धा?"

मग मी तक्ता आखला. रूप, बांधणी, आवाज. प्रत्येकी दहा गुण.

तक्ता बघून माझी मलाच एक शंका आली. भुंगा हा काही अ‍ॅम्प्लिफायरचा गुणधर्म नाही, तो तारा चुकीच्या जोडल्याचा दोष आहे. ताप असलेल्या मुलाला धावण्याच्या शर्यतीत उतरवणं योग्य आहे का? शनिवारी शिवदास शाळेत होता, बाबा मुर्ध्याला भाच्याकडे गेले होते. मी डबा उघडला. ट्रान्सफॉर्मरला चिकटून गेलेली एक तार काढून नवी तार लांबून फिरवली, अर्थिंग दोन ठिकाणी जोडलं होतं ते एकाच ठिकाणी केलं. एकूण चाळीस मिनिटं. चालू केला, तर शांतता! मीटरवरचा आकडा इतका खाली आला की मी मीटरच तपासून घेतला. काढलेली तार एका पिशवीत घातली, वर तारीख लिहिली.

कुणाला सांगितलं नाही. शिवदास नको म्हणाला असता. आणि खरं सांगायचं तर, रविवारी त्याचा चेहरा कसा फुलतो ते मला बघायचं होतं.

रविवारी सुभाष रिक्षातून आला. अ‍ॅम्प्लिफायर मांडीवर, दवाखान्यातून घरी आणलेल्या बाळासारखा दुपट्यात गुंडाळलेला. तटस्थ परीक्षक म्हणून समोरच्या हंसाबेन आल्या. येताना खाखऱ्याचा डबा आणला.

पहिला रकाना, रूप. सुभाषचा अ‍ॅम्प्लिफायर आरशासारखा चकचकीत, दोन्ही बाजूंना लाकूड, वर चार व्हॉल्व्ह मंद नारिंगी पेटलेले. हंसाबेन हात जोडून म्हणाल्या, "ये तो मंदिर में रखने जैसा है!" त्याला नऊ. माझा काळा, मुठीएवढा, व्हॉल्व्हमधून सुंदर निळा प्रकाश. मी वाकून नीट बघितलं. निळा प्रकाश व्हॉल्व्हचा नव्हताच, खाली एक छोटा दिवा लपवला होता! माझीच वस्तू, पण मी तीन गुण कापले. मग हंसाबेन डब्याकडे वळल्या.

"क्षितिजाभाभी, इसमें चकली है क्या?"

शिवदास खिडकीबाहेर बघायला लागला.

बांधणी. मी प्रत्येकाचं बटन वीस वेळा फिरवलं, वजन केलं, तापमान घेतलं. सुभाषचा सहा किलो दोनशे ग्रॅम.

"दणकट आहे," मी म्हणाले.

"माझ्या मांडीला विचारा," सुभाष म्हणाला.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचं हेडफोनचं भोक पहिल्याच दिवशी सैल. डब्याचं मिक्सरचं बटन मात्र विसाव्या वेळीही तस्संच घट्ट! मी डब्याला आठ दिले. शिवदास खिडकीतून परत आला.

आता आवाज. परीक्षक अर्थात बाबा. ती कॅसेट त्यांना श्वासासारखी पाठ. प्रत्येकाला बरोबर एक मिनिट, हातात स्टॉपवॉच घेऊन मी उभी.

सुभाषच्या अ‍ॅम्प्लिफायरवर बाबा म्हणाले, "बरा हाय."

"बरा?" सुभाष म्हणाला. "काका, नुसता बरा?"

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर म्हणाले, "बारीक हाय. पावन्यासारखी गाते."

तिसरा डबा. बाबा खुर्चीत नीट बसले, डोळे मिटले, मान डोलायला लागली. एक मिनिट झालं. मी बंद करायला गेले तर त्यांनी डोळे न उघडताच माझा हात बाजूला केला. शिवदासने सुभाषकडे असं बघितलं, जणू शाळेची ढाल त्याच्याच हातात दिली आहे! मी मनात दहापैकी दहा लिहून टाकले.

पहिलं गाणं संपलं असेल, तेवढ्यात बाबांची मान थांबली.

डोळे उघडले. त्यांनी हेडफोन काढले, मांडीवर ठेवले, जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं.

"बिघारलाय," ते म्हणाले आणि गॅलरीत निघून गेले.

शिवदासने हेडफोन कानाला लावले. "भुंगा कुठाय? सुभाष, तू काय केलंस?"

"मी? मी त्या डब्याला चिमट्यानं पण हात लावणार नाही!"

"मघाशी तू बटन फिरवत होतास!"

"अरे, वहिनींनी वीस वेळा फिरवलं ते?"

"ती मोजत होती!"

"मैंने तो सिर्फ ढक्कन देखा," हंसाबेन घाईने म्हणाल्या.

"हारतोयस म्हणून म्हाताऱ्या माणसाचा डबा बिघडवलास!" शिवदास ओरडला.

सुभाषने बाळ दुपट्यात गुंडाळलं. दारातून म्हणाला, "अठरा वर्षांची मैत्री शिव्या, आणि फरसाणाच्या डब्यापायी!" हंसाबेनही उठल्या. जाताना त्यांनी खाखऱ्याचा डबा परत उचलला, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते लक्षात येईल.

या सगळ्या वेळात मी काय करत होते? स्टॉपवॉच धरून उभी होते. "मी केलं" हे दोन शब्द. मी मितभाषी आहे असं सगळे कौतुकाने म्हणतात. त्या दिवशी त्याला दुसरं नाव होतं.

सोमवारी शिवदासने व्हॉल्व्ह बदलले. मंगळवारी परत पहिले लावले. बाबा तीन वाजता खुर्चीत बसेनासे झाले. ते खाली जाऊन सोसायटीच्या गेटवर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायचे. मी विचारलं, "बाबा, माझा छोटा लावून देऊ?" ते म्हणाले, "नको."

बुधवारी मी रजा घेतली. बाबा खाली गेल्यावर हेडफोन लावले आणि कॅसेट सुरुवातीपासून ऐकली. ही कॅसेट मी कधीच नीट ऐकली नव्हती. शिवदासनेही नाही, त्याला आईचा आवाज पहिल्या ओळीपुढे ऐकवत नाही.

काय आवाज होता! हळदीसारखा पिवळा, उबदार, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं, आणि मी उपमा देणारी बाई नाही. गाणं संपलं. बायकांचं हसणं, बांगड्या, कुणाचं तरी रडकं पोर. मग अगदी हळू, आजवर भुंग्याखाली गाडलेलं, पण आता लख्ख ऐकू आलेलं बोलणं.

एक बाई: "मंजुला, तुजा नवरा बग कसा डोलतंय गान्यावर!"

आणि सासूबाई: "डोलतंय? अगो, झोपलाय त्यो! त्याला गान्यातलं काय पन कलत न्हाय. डोले मिटले का झोप. झोपंत मान खाली परते, तुमाना वाटतं डोलतंय!"

सगळ्या बायका खो खो हसल्या, आणि सासूबाईंनी दुसरं गाणं उचललं.

मी हेडफोन काढले. भुंगा तिथे राखणीला बसला होता. सहा वर्षं इमानदारीने. आणि मी चाळीस मिनिटांत त्याला मारून, वर पिशवीवर तारीख लिहिली होती.

संध्याकाळी शिवदासला सगळं सांगितलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "डबा बिघडलेला नाही?"

"नाही."

"चांगला वाजतोय? सुभाषच्याइतका?"

"अगदी तेवढाच."

त्याचा चेहरा फुलला. हाच चेहरा मला रविवारी बघायचा होता! मग मी त्याला हेडफोन दिले. त्या दिवशी तो पहिल्या ओळीपुढे गेला. पूर्ण गाणं ऐकलं, पुढचं बोलणं ऐकलं, फिस्सकन हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला.

"आई खरंच बोलतेय गं. माझ्या शाळेच्या नाटकालाही झोपले होते ते." मग म्हणाला, "क्षितिजा, तुझी ती तार परत लाव."

तारीख लिहिलेली पिशवी उघडली. जुनी तार जुन्याच जागी चुकीची जोडली. व्यवसायाच्या दृष्टीने इतकं लाजिरवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. घूंऽऽ! भुंगा परत आला, उलट थोडा धष्टपुष्टच. शिवदासने सुभाषला फोन करून माफी मागितली. सुभाष म्हणाला, "माफ केलं, पण बांधणीत डब्याला आठ कसे, ते वहिनींनी समजावून सांगावं."

गुरुवारी तीन वाजता मी गेटवर गेले. "बाबा, चला. दुरुस्त झालं."

ते आले. बसले. हेडफोन लावले, डोळे मिटले. मी दाराआड उभी. पहिलं गाणं संपलं आणि त्यांनी एक बोट वर केलं.

"सूनबाय."

"काय बाबा?"

"भुंग्यातनं पन आयकू येतं आता."

खरंच होतं. एकदा माहीत झालेलं माहीत नसल्यासारखं करणारी तार कुठल्याच पिशवीत नसते.

"बाबा, माझी चूक झाली. मी तो डबा उघडायला नको होता."

"तुजी कसली चूक? बोलली ती." ते कॅसेटच्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत राहिले. "माज्याकडंच बघत गायची, ते खोटं न्हाय. बघायची. झोपलोय का, ते बघायची."

मग ते खुर्चीत ताठ बसले. पाठ टेकली नाही, मान हलवली नाही, डोळे टक्क उघडे. परीक्षेच्या पहिल्या बाकावर बसावं तसे ते उरलेली कॅसेट ऐकत राहिले. संपल्यावर मला म्हणाले, "झोपलो न्हाय ना?"

"नाही बाबा."

"मग लिव. तू सगलं लिवतेस ना?"

तेव्हापासून मी लिहिते. त्या तक्त्यातला आवाजाचा रकाना रिकामाच राहिला, त्याच्या मागच्या बाजूला आता तारखा आहेत. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. रोज तीन वाजता बाबा ताठ बसतात, मी घरी नसले तर शिवदास राखण करतो, आणि पुढे आकडा पडतो. जागे: पंचेचाळीस. जागे: पंचेचाळीस. त्यांची दुपारची झोप मी कायमची घालवली, आणि डोलणारी ती मानही. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं नुकसान कुठल्याच खोट्या काट्याने केलं नसेल.

काल रजा होती, मी समोरच बसले होते. एकतिसाव्या मिनिटाला बाबांचे डोळे मिटले. बत्तिसाव्या मिनिटाला मान पुढे आली, मागे गेली, आणि हळूहळू डोलायला लागली. भुंग्याच्या सुरात सूर मिसळून ते चक्क घोरत होते!

कॅसेट खट्कन थांबली तसे ते दचकून ताठ झाले. माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत म्हणाले, "किती?"

मी लिहिलं: पंचेचाळीस.

मोजमापात माझी चूक होत नाही.