एकोणीस सेकंदांचा पराक्रम

"बाराच्या आत तुझा फॉर्म भरून, त्याची प्रिंट काढून, ती फाईलला लावून मी जेवायला बसलेला असेन!" पहाटे पाच वाजता मोहनरावांनी बायकोला ठणकावून सांगितलं. अंगात बनियन होतं, पण आवाज थेट जिल्हाधिकाऱ्यांचा!

प्रभाबाई चपला घालत होत्या. डहाणू रोडहून तलासरीची बस, तिथून जीप आणि जीप सोडेल तिथून झरीच्या पाड्यावरच्या शाळेपर्यंत पायपीट. नऊ वर्षं हे चाललं होतं. गुडघे आता जिना चढताना कुरकुरायला लागले होते. यंदा पहिल्यांदाच बदलीसाठी पात्र शिक्षकांत त्यांचं नाव आलं होतं. आपल्याला हव्या त्या तीस शाळा पसंतीच्या क्रमाने ऑनलाइन फॉर्मात भरायच्या, बस्स. संध्याकाळी सहाला पोर्टल बंद होणार होतं, आणि पुढची फेरी कधी निघेल ते देवालाच माहीत.

"शाळांची यादी कॉम्प्युटरमध्ये आहे," प्रभाबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त तो सुरू करा आणि यादी बघून भरा. मी बारा वाजता पाण्याच्या टाकीवर जाऊन उभी राहते, तिथेच काय ती रेंज असते. माझ्या मोबाईलवर ओटीपी आला की तुम्हाला सांगते. आणि हे बघा, आज दुसऱ्या कशालाही हात लावू नका!"

"मी? मी कशाला हात लावतोय?"

प्रभाबाईंनी नुसतं बघितलं आणि त्या बसला पळाल्या.

त्या बघण्याला कारण होतं. मोहनराव एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूमचे कारकून, आज खास फॉर्मासाठी रजेवर. तिथे जुन्या कागदांचे चार वर्ग करतात. अ म्हणजे कायम ठेवायचे, ब आणि क म्हणजे काही वर्षं सांभाळायचे, आणि ड म्हणजे वर्ष झालं की नष्ट करायचे. बावीस वर्षं हेच करून मोहनरावांच्या हाताला 'ड'ची अशी काही गोडी लागली होती की विचारू नका! घरातले डबे ड, जुन्या छत्र्या ड, सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ तर दोनदा ड होऊन परत आलेलं. यादीचा मूळ कागदही त्यांनी गेल्या रविवारी फाडला होता. कॉम्प्युटरमध्ये आहे ना, मग कागद कशाला?

तर आता त्या कॉम्प्युटरचं. बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत चौदा मिनिटं जायची. प्रभाबाई बटण दाबून कुकर लावायच्या, तिसऱ्या शिट्टीला परत यायच्या, तरी पडद्यावर आपलं ते गोल गोल फिरतच असायचं! मोहनरावांनी बटण दाबलं आणि त्यांच्या मनात विचार आला. मध्येच लाईट गेली तर? पुन्हा चौदा मिनिटं! आणखी एकदा गेली तर? बायकोच्या बदलीचा प्रश्न आहे, असला धोका पत्करून कसं चालेल? आधी हा आजारच मुळापासून काढला पाहिजे. सकाळचे आठ तर वाजलेत, वेळच वेळ आहे!

कॉम्प्युटर सुरू होताना त्याच्याबरोबर काय काय सुरू होतं, याची यादी त्यांनी शोधून काढली. एकशे अठरा नावं! मोहनरावांना भरून आलं. एवढी तुंबलेली रेकॉर्ड रूम त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी फुलस्केप कागद घेतला, पट्टीने चार रकाने आखले आणि सुनावणी सुरू केली.

"तुझं काम काय?"

पडदा गप्प.

"तुझ्याबद्दल कधी कोणाचा अर्ज आलाय? नाही ना? मग ड!"

जे नाव ओळखीचं वाटलं ते अ. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं ते ब. नुसतं वाचता आलं ते क. आणि जे वाचूनही काही कळलं नाही ते सरळ ड! अकरापर्यंत एकशे चार नावं ड वर्गात गेली. मोहनरावांनी त्या सगळ्यांपुढच्या खुणा काढून ती बंद केली, कागदाखाली सही केली, तारीख घातली आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

एकोणीस सेकंद! घड्याळ लावून मोजले त्यांनी, एकोणीस! खुर्चीतून उठून त्यांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. मग खाली बसून रुबाबात पिन टाकला.

पिन चालणार नाही, असं पडद्यावर आलं. पासवर्ड द्या.

पासवर्ड? पासवर्ड चार वर्षांपूर्वी दुकानातच टाकून घेतला होता, त्यानंतर तो कोणी विचारलाच नव्हता. मोहनरावांनी प्रभाबाईंचं नाव टाकलं. नाही. घराचा नंबर टाकला. नाही. लग्नाची तारीख टाकली, तीही दोनदा, वेगवेगळी! नाही म्हणजे नाही. एकोणीस सेकंदांत दारात आणून सोडणारा कॉम्प्युटर आता आत घ्यायला तयार नव्हता.

बारा वाजता फोन वाजला. "अहो, मी टाकीवर आलेय. भरलात का फॉर्म?"

खरं बोलायला तो एकच क्षण होता, आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं, "अगं, सर्व्हर डाऊन आहे!"

"अरे देवा! बायजी, सर्व्हर डाऊन आहे म्हणे." बायजी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. बाईंचं काहीतरी ऑनलाइनचं काम आहे म्हणून तीही टाकीपाशी आली होती.

"मेला सर्व्हर!" मागून बायजीचा आवाज आला. "बाईंना उन्हात उभं करतो!"

मेल्या सर्व्हरने फोन ठेवला, कॉम्प्युटरचा डबा प्रभाबाईंच्या चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने स्टेशनजवळ दक्षाबेनचं दुरुस्तीचं दुकान गाठलं. दक्षाबेन भाकरी-शाक खात होती. तिने एका हाताने डबा जोडला, फुलस्केप कागद वाचला आणि तिचा घास हातातच राहिला.

"मोहनभाई, घरात गर्दी झाली म्हणून तुम्ही किल्लीवाल्याला पण घराबाहेर काढलं? आता दार कोण उघडणार?"

"होईल ना पण?"

"होईल ने! पण वेळ लागेल. आणि तुम्ही आता लांब बसा. अजून लांब!"

मोहनराव बाकावर बसले. बसवेना म्हणून त्यांनी झरीला फोन केला. "सर्व्हर येतोय, तू टाकीवरच थांब!" दहा मिनिटांनी पुन्हा केला. "अर्धा आलाय!" पुन्हा केला. "आला होता, पण गेला!" एका खोट्याला दुसरं जोडताना त्यांना घाम फुटत होता, पण गप्प बसलं की त्याहून वाईट वाटायचं. दोन वाजले, तीन वाजले, साडेचार वाजले. शाळा सुटली तरी प्रभाबाई घरी निघाल्या नाहीत. त्यांच्यासोबत बायजी थांबली, शाळा समितीचा अध्यक्ष लडक्या थांबला, आणि शेवटची जीप मात्र निघून गेली.

"झालं!" पाच चाळीसला दक्षाबेन ओरडली. मोहनराव टाईप करायला सरसावले. पण ते एका बोटाने 'क' शोधताहेत हे बघून तिने त्यांना कोपराने बाजूला सारलं आणि यादीतल्या तीसच्या तीस शाळा स्वतः धडाधड भरल्या. पाच बावन्नला तिने शेवटचं बटण दाबलं.

"ओटीपी पाठवलाय. विचारा भाभीला!"

मोहनरावांनी फोन लावला. आपण संपर्क करू इच्छित असलेला मोबाईल बंद आहे, असं फोनमधली बाई सांगू लागली. पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच!

"बंद कसा?" मोहनराव किंचाळले. "आत्ता तर बोलत होती!"

"दुपारपासून किती वेळा फोन केला तुम्ही?"

मोहनरावांनी मोबाईलमध्ये बघितलं. तेवीस वेळा. आणि झरीत सकाळपासून लाईट नाही, चार्जिंग संपत आलंय, हे प्रभाबाईंनी दोनदा सांगितलेलंही त्यांना आठवलं. तेव्हा ते पुढचं खोटं काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते.

सहा वाजले. पडद्यावर 'मुदत संपली' असं आलं. दक्षाबेनने पाण्याचा ग्लास पुढे केला. मोहनरावांना तिच्याकडे बघवेना. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

साडेसहाला लडक्याच्या फोनवरून निरोप आला की, बाई आज बायजीकडे राहताहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रभाबाई घरी आल्या आणि पर्स खांद्यालाच ठेवून त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. "बघू तर, मुदत वाढवलीय का."

दक्षाबेनने सगळं होतं तसं करून दिलं होतं. पुन्हा चौदा मिनिटं! दोघं पडद्याकडे बघत बसले. तिसऱ्या मिनिटाला मोहनरावांनी घसा खाकरला. पाचव्याला "अगं, ऐक ना" म्हणाले. सातव्याला त्यांना राहवेना, आणि त्यांनी फुलस्केप कागदापासून तेविसाव्या फोनपर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सर्व्हर डाऊन नव्हता?"

"नव्हता."

"मी टाकीवर उभी राहून सरकारला शिव्या घातल्या हो! माझ्यामुळे बायजीनेही घातल्या!" प्रभाबाईंनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली. "एकच दिवस, एकच काम सांगितलं होतं तुम्हाला."

त्या रडल्या असत्या, भांडल्या असत्या, तर मोहनरावांना बरं वाटलं असतं. त्या उठल्या आणि गुडघ्याला मलम चोळत बसल्या. ते मोहनरावांनी पाहिलं आणि त्यांना वाटलं, 'ड'च्या यादीत एकशे पाचवं नाव आपलंच हवं होतं.

पंधरा दिवस घरात "मीठ", "गॅस", "दार" एवढेच शब्द ऐकू आले. आणि सोळाव्या दिवशी लडक्याचा फोन आला. "साहेब, रविवारी झरीला यायचं. पाड्याने तुमचा सत्कार ठेवलाय."

सत्कार! मोहनरावांना वाटलं, बोलावून बडवणार. तसं असतं तर ते आनंदाने गेले असते. पण शाळेसमोर खरोखरच मांडव होता! पोरं टाळ्या वाजवत होती, बायजीने खिचडी नाही, चक्क गोड भात केला होता. लडक्याने शाल घातली, नारळ दिला आणि काखेत एक जिवंत कोंबडा दिला. मग तो बोलायला उभा राहिला.

"बाई जाणार म्हणून पोरं आठ दिवस जेवली नव्हती. साहेबांमुळे बाई राहिल्या. आता बाईंचं चालणं बंद! जीपवाल्याशी बोललोय आम्ही, तो रोज शाळेच्या दारापर्यंत सोडील आणि दारातूनच नेईल."

नऊ वर्षांत मोहनरावांना जे सुचलं नव्हतं, ते या माणसांनी एका बैठकीत करून टाकलं होतं. आपण मुद्दाम, मोठ्या मनाने बायकोची बदली अडवली, असं या भोळ्या लोकांना वाटतंय! आता मात्र मोहनरावांना सोसवेना. कोंबडा धडपडत होता, शाल घसरत होती. ते उभे राहिले.

"मंडळी, मला हा मान नको," ते कसेबसे म्हणाले. "मी काही केलेलं नाही. म्हणजे, केलं ते मूर्खपणाने केलं. कॉम्प्युटर बिघडवला, वर खोटं बोललो. मला माफ करा."

मांडवात कोणाच्याच चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. बायजी हातातला डाव खाली ठेवून पुढे आली आणि तिने त्यांची शाल नीट केली.

"ते आमाला ठाऊक आहे, सायब. बाईंनी सांगितलं सगळं," ती समजूत घालत म्हणाली. "त्याचाच तर सत्कार आहे! तुमी शहाणे असता, तर आमच्या बाई गेल्याच असत्या. आता पुढच्या वेळचा फॉर्मपण तुमीच भरा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात टाळ्या प्रभाबाई वाजवत होत्या.