आमच्या गावाचा थांबा

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना आमचं स्टेशन लागतं. डुलकी लागली असेल तर लागत नाही. जिनिंग, बाजार, चहाची हॉटेलं, सोयरिकी, सारं या स्टेशनाच्या आधारानं वाढलं, असं मी प्रत्येक भाषणात सांगतो. त्यामुळे पॅसेंजरचा थांबा रद्द होताच गावाचं नाक कापलं गेलं आणि 'थांबा बचाव समिती' स्थापन झाली. अध्यक्ष अर्थात मी. मी रेल्वेत शेवटचा कधी बसलो ते आठवत नाही. पण अध्यक्षाला बसण्यापेक्षा बोलण्याचा सराव लागतो.

थांब्याची खरी गरज जाईबाईला होती. तिची लेक मनकर्णा अकोल्यात बाळंत झालेली, डिंकाचे लाडू बांधून तयार, आणि एसटीत बसलं की जाईबाईच्या पोटात ढवळतं. निवेदनात आम्ही तिचा उल्लेख 'प्रवासी जनता' असा केला. निवेदन द्यायला आम्ही माझ्या बोलेरोनं अकोल्याला निघालो, तर ती म्हणाली, पुढं बसवलं तर मीही येतो. पुढची सीट अध्यक्षाची. शिवाय प्रवासी जनताच रस्त्यानं गेली, तर मागणीत दम काय उरणार? मी म्हणालो, "थांबा, जाईबाई. गाडी येऊनच राहिली."

अखेर प्रवासी चढतात का हे पाहण्यासाठी प्रायोगिक तत्त्वावर एक दिवस थांबा मंजूर झाला. अख्खं गाव मोटरसायकलींवर स्टेशनात आलं. डफडी वाजली, इंजिनाला हार पडला, ड्रायव्हरला पेढा भरवला. गर्दीच्या मागून लाडवांचं गाठोडं उंच धरून जाईबाई म्हणत होती, "जाऊ द्या ना मले." कार्यकर्ते तिला अदबीनं म्हणाले, "थांबा, आधी अध्यक्षाचा फोटू होऊ द्या."

फोटो झाला. तेवढ्यात गाडी सुटली.

रेल्वेचा अहवाल आला: गर्दी अमाप, प्रवासी निरंक. थांबा कायमचा रद्द.

जाईबाई माझ्या दारात आली. "गाडी त थांबली होती जी," ती म्हणाली. "तुमीच नाई थांबले." मला फार लाज वाटली. फोटो मात्र छान आला आहे, बैठकीत लावला आहे. नातू आता रांगतो म्हणे; जाईबाई त्याला मोबाईलवर पाहते.

पुढच्या आंदोलनाची तारीख लवकरच कळवू. हे वाचून हळहळलेल्या सर्व रेल्वेप्रेमींनी अवश्य यावं. आपापली गाडी खुशाल प्लॅटफॉर्मवर लावावी. तिथं आता भरपूर जागा आहे.