कोठीतल्या संगणकाची बोली

आमच्या शाळेच्या कोठीतला संगणक फाईल सापडली नाही की पडद्यावर 'घावंना गड्या' असं लिहितो. बंद करायला जावं तर 'निघालास व्हय?' म्हणून विचारतो. मी वाईची, त्यातून मराठीची शिक्षिका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा कपाळावर आठीच पडली माझ्या!

हे उद्योग बिरा खरातांचे. पाचगणीच्या या निवासी शाळेत ते संगणक सांभाळतात. गाव आटपाडीकडचं, घराणं मेंढपाळांचं. विंडोजचं नाव काढलं की म्हणणार, "ते भाड्याचं घर हाय बाई. खिळा मारायचा तरी मालकाला इचारा." लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटातली सिस्टिम, हे मात्र स्वतःचं घर. त्यातले शब्दसुद्धा हवे तसे बदलता येतात म्हणे, आणि खरातांनी ते सगळे बदलले होते. माझ्या भाचीच्या लग्नात या गृहस्थांनी नवरदेवाला कोपऱ्यात गाठून, कुठली सिस्टिम वापरता, अशी चौकशी केली. अक्षता हातात धरून!

मग संस्थेच्या मुख्य कार्यालयातून हुकूम आला. सोमवारपर्यंत सगळ्या संगणकांवर इंग्रजीतलं विंडोजच हवं. खरात चहालाही येईनात. मी म्हटलं, नोकरी आहे, नाक मुठीत धरून करा. त्यांनी मुकाट्यानं लिनक्स पेनड्राइव्हवर घेतलं, तो खिशात टाकला आणि हुकमाप्रमाणे सगळं बदललं. चेहरा बघवत नव्हता.

सोमवारी तपासणीला साहेब आले. आता आमच्याकडे भाजीपाल्याची मागणी स्वयंपाकघरातल्या मावश्या स्वतः कोठीतल्या संगणकावर लिहितात. खरातांनीच शिकवलेलं. त्यांच्यातल्या थोरल्या अक्काताई आल्या, इंग्रजी पडदा बघितला, पदर खोचला आणि साहेबांना म्हणाल्या, "आता तुमीच लिवा." साहेब बिचारे बसले लिहायला. अक्काताई म्हणाल्या, मेथी दोन पाट्या. साहेबांनी विचारलं, पाटी म्हणजे किती किलो? पाटी म्हणजे पाटी, असं उत्तर मिळालं. मागोमाग आपापला हिशेब लिहून घ्यायला दूधवाला, मग माळी, मग धोबी. रांग व्हरांड्यात गेली. साहेबांचं जेवण राहिलं, चहा निवला. चार वाजता त्यांनी स्वतःच मुख्य कार्यालयाला फोन लावला. ऑफिसात विंडोज असू द्या, कोठीत मात्र खरात म्हणतील ते, असं ठरलं.

जिंकले की हो खरात! पेनड्राइव्ह लावला, तासाभरात मशीन पुन्हा आपल्या बोलीवर आलं आणि मावश्यांनी टाळ्या पिटल्या. साताऱ्याचे कंदी पेढे वाटले, साहेबांनीही दोन खाल्ले. टाळ्या वाजवण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

संध्याकाळी बघते तर खरात कोठीत एकटेच पडद्यापुढे बसलेले. जिंकलेल्या माणसासारखे काही दिसेनात. मी विचारलं, एवढा जीव का हो या शब्दांवर?

"भावाचं बोलणं हाय ते," ते म्हणाले. "पावसाळा सरला की त्यो मेंढरं घिऊन कोकणात उतरतो. रानात फोन लागत न्हाई. कवा कुठं असंल, काय ठाव न्हाई. घरी मी एकलाच. म्हनून त्यो बोलतो तसं समदं ह्यात लिवून ठिवलंय."

मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, खरात, मला तुमच्या भावाबद्दल सांगा. एरवी तुटक बोलणारा हा माणूस त्या दिवशी इतकं बोलला, की जेवणाची घंटा झालेली आम्हाला दोघांनाही कळली नाही.