एकशे अडुसष्ट हात लाकडाची हकीकत

श्री विश्वकर्म्यास नमन करून, जे घडले तेच लिहितो. पदरचे घातलेले आढळल्यास वाचणाराने खुशाल कान धरावा. शके सोळाशे बासष्ट, रौद्रनाम संवत्सरी, माघमासी एका राज्यात (नाव लिहीत नाही, त्यांचे वंशज रागीट आहेत) श्रीमंतांचे चित्ती आले की नवा अंबारखाना बांधावा, कारण जुन्याचे छप्पर खचून मागील साली धान्य भिजले आणि रयतेस कुजकी नाचणी खावी लागली. मग भिंती चढल्या आणि छपराच्या लाकडाची गोष्ट निघाली, तेव्हा धाकोजी सुतार मापारी गिरमाजीपंतांकडे गेला आणि बोलिला, "पंत, बारा कड्या लागतील. एकेक चौदा हात, भिंतीवर टेकायचं धरून." पंत म्हणाले, "समजलं. गुणाकार मला येतो." आणि येतच होता. वीस वर्षांत त्यांचे माप बोटभर चुकले नव्हते, त्याचा त्यांस अभिमान फार. त्या राज्याचा रिवाज असा की लाकूड एकूण लांबीने मागवावे आणि आले की टोकास टोक लावून एका ओळीत मोजावे. किती नग, हे कोणी पुसत नसे. मग पंतांनी रानात लिहून पाठविले की एकशे अडुसष्ट हात साग धाडावा. नदीच्या वळणावर लांब ओंडके अडतात म्हणून रानकऱ्यांनी आठ आठ हातांचे एकवीस तुकडे पाण्यात सोडिले. पंत घाटावर गेले आणि ओळ लावून मोजते झाले आणि बरोबर एकशे अडुसष्ट हात भरले, तेव्हा समाधानाने घरी जाऊन जेविले.

मग धाकोजीने पहिली कडी उचलून भिंतीवर ठेविली आणि तिचे दुसरे टोक अधांतरी राहिले. दिवाणास वर्तमान कळताच ते तापले. दप्तरात माप पुरे, घाटावर माप पुरे, मग लाकूड तोकडे कसे? सुतारानेच कापून नासले, असे ठरवून त्यांनी फर्माविले की धाकोजीची हत्यारे जप्त करावी आणि त्याने पुन्हा या राज्यात करवत धरू नये. धाकोजी वृद्ध, दुसरे काही येत नाही. तो पंतांकडे पाहून एवढेच बोलिला, "तुम्ही घाटावर होतात."

पंतांची मोठी पंचाईत जाहली. मौन धरावे तर माप खरे राहते आणि सुतार बुडतो. बोलावे तर चुकलेल्या मापाऱ्याची मोजायची काठी काढून घेण्याचा कायदा आहे. ते अंबारखान्यात गेले आणि त्या उघड्या भिंतींमध्ये बराच वेळ बसून राहिले. आपण वीस वर्षे लाकूड मोजले, पण ते कोठे जाऊन टेकणार हे एकदाही पाहिले नाही, याची त्यांस लाज वाटली, आणि ती खरी लाज होती. मग दरबार भरला, तेव्हा श्रीमंतांनी पुसले, "गिरमाजीपंत, तुमचे माप चुकले काय?"

पंत म्हणाले, "माप चुकलं नाही, सरकार. मी चुकलो. सुतारानं बारा कड्या मागितल्या, मी त्यांची बेरीज मागवली. तुकडे आले तेच आखूड होते, मी डोळ्यांनी पाहिले. बेरीज भिंतीवर टेकत नाही." इतके बोलून काठी पायरीवर ठेविली आणि मान खाली घातली. दिवाण ती उचलावयास पुढे जाहले, परंतु धाकोजी आडवा येऊन बोलिला, "सरकार, काठी पंतांकडेच राहू द्या. नवा मापारी आला तर त्याला हे पुन्हा पहिल्यापासून कळायला वीस वर्षं जातील." श्रीमंत हसले आणि तसेच केले, सुतारावरचा हुकूमही फिरविला. मग धाकोजीच्या सल्ल्याने मधोमध एक भिंत चढविली, एकेका कडीच्या जागी दोन दोन तुकडे धरिले आणि आठ हातांचे आणखी तीन तुकडे मागविले आणि चैत्र सरता छप्पर पुरे जाहले.

सारांश, धान्य कोरडे राहिले, सुताराची हत्यारे सुताराकडे राहिली. गिरमाजीपंतांनी पुढे अकरा वर्षे मापारीपण केले, परंतु कोणी लाकूड मागू आला की काठी हाती घेण्याआधी ते त्याच्यासोबत जात आणि दोन भिंतींच्या मध्ये उभे राहून पुसत, "कोठून कोठपर्यंत?"